ठाण्याहून कसारा घाट : सायकल लोकलमध्ये, गाडी गिअरमध्ये

सायकलने इगतपुरी गाठायची असेल तर भिवंडी-शहापूरच्या ट्रकांच्या गर्दीत दम घालवू नका. लगेजचं तिकीट काढून सायकल लोकलच्या मालडब्यात चढवा आणि थेट घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्याला उतरा. मात्र कसारा लोकल मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा.

गाडीवाल्यांची खरी परीक्षा उतारावर. नाशिकहून परतताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत! इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक दुसरा-तिसरा. ब्रेक सतत दाबून धरू नका, थोडा मारा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित, मोकळी जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका. सायकललाही हेच लागू, दोन्ही ब्रेक आलटून-पालटून.

धुक्यात हेडलाइट लो बीमवर. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

आणि नुसता घाटच बघायचा असेल तर सरळ एक्स्प्रेस पकडा. १:३७ चा (दर ३७ मीटरला एक मीटर) चढ असल्याने कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात.