सम्प भरण्याआधी वीज गेल्याचं गणित करा

रीफ टँकखालच्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखालच्या) कपाटातला सम्प, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी, काठोकाठ भरू नका. वीज गेली की सम्पमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं. चार बाय दोन फुटांच्या टाकीत पातळी एक इंच उतरली, तरी सुमारे 19 लिटर! म्हणून रिटर्न पाइपाचं वरच्या टाकीतलं तोंड पाण्याखाली जेमतेम बुडेल एवढंच ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) भिस्त नको, चुन्याचा थर बसून तो अडकतो. पंप मुद्दाम बंद करून सम्पमधलं पाणी काठाच्या दोन बोटं खाली थांबतंय ना बघा. मग पंप चालू करून तेव्हाच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. त्यावर पाणी भरायचंच नाही.

कपाटाला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नकोच. मरीन प्लाय घ्या, आणि पाइपांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा इपॉक्सीने बंद करून घ्या.