सिंगापूरला येताय? मग आधी 'इंडियन' व्हा

चांगी विमानतळावर उतरलात की तुम्ही मराठी उरत नाही, हे लवकर पचवा. इथल्या सरकारी दप्तरात मुख्य खाने चारच: चिनी, मलय, इंडियन आणि इतर. पुणेरी, वऱ्हाडी, मालवणी सगळे एकाच खान्यात. तमिळ, पंजाबीच काय, पाकिस्तानी आणि श्रीलंकन वंशाचेही त्यातच! सतरा वर्षांपूर्वी मला याचा राग यायचा. घर घ्यायला निघालो तेव्हा कळलं, हा खाना नुसता कागदावर नसतो.

इथली बहुतेक जनता सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या इमारतींत राहते. १९६४ च्या चिनी-मलय दंगली हे राज्य विसरलेलं नाही. ऐंशीच्या दशकात पुन्हा एकेका वंशाच्या वस्त्या जमताना दिसल्या, तेव्हा १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकला (म्हणजे इमारतीला) आणि परिसराला वंशवार कोटा लागला. इंडियन व इतर मिळून ब्लॉकमध्ये १५ टक्के, परिसरात १२. कोटा भरला की चिनी किंवा मलय मालकाचा फ्लॅट तुम्हाला मिळत नाही, इंडियन किंवा 'इतर' खान्यातला मालकच शोधावा लागतो. विकताना उलटा फटका: ब्लॉकचा चिनी कोटा भरलेला असेल तर चिनी गिऱ्हाईक बाद, आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तेच. पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी लोकांचा, कोटा आणखी वेगळा. नवरा-बायको दोघंही पीआर असाल तर तीन वर्षं थांबून रीसेलच, म्हणजे कुणाचा तरी जुना फ्लॅटच घेता येतो. ऑप्शन फी (घर राखून ठेवायची रक्कम) देण्याआधी एचडीबीच्या साइटवर तो ब्लॉक तपासा, आकडे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. एजंट 'होऊन जाईल' म्हणतो, त्यावर जाऊ नका. मी गेलो होतो.

भाड्याच्या घरासाठी 'हेवी कुकिंग करता का?' असं विचारतील. त्याचा अर्थ फोडणी. खरं काय ते आधीच सांगून टाका.

शाळेत 'मातृभाषा' सक्तीची आहे, पण यादीत मराठी नाही. तमिळ अधिकृत भाषा. शिवाय हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू चालतात. माझ्या मुलीची सरकारी मातृभाषा हिंदी आहे, आणि आजीशी बोलताना तिचं व्याकरण गडगडतं. मराठी घरीच सांभाळावी लागते.

दुहेरी नागरिकत्व ना इथे, ना भारतात. पासपोर्ट सोडलात तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घेता येतं, पण मत जातं आणि गावाकडे नवी शेतजमीन घेता येत नाही. वारसाने आलेली राहते.

मुलगा असेल तर पीआरचा अर्ज करण्याआधी बायकोशी नीट बोला. मुख्य अर्जदार म्हणून तुम्ही सुटता, तुमच्यासोबत पीआर झालेला मुलगा सुटत नाही. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, मग दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची सेवा, बहुतेकांना लष्करात. तेवढं टाळायला त्याचं पीआर सोडलंत, तर पुढे त्याच्या इथल्या शिक्षणाच्या, नोकरीच्या अर्जांवर परिणाम होतो. आमचा सध्या टेकोंग बेटावर लष्करी प्रशिक्षणात आहे. डोकं भादरलेलं, शनिवारी घरी येतो आणि चिनी, मलय मित्रांकडून उचललेल्या शिव्या धाकटीला शिकवतो. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे.