वाळवंटातली एक रात्र: विद्यार्थ्यांच्या गटाने तयारी कशी करावी

वाळवंटात एक रात्र काढणं तसं अवघड नाही. ते अवघड होतं उशिरा पोचल्यामुळे. तंबू, पाणी, स्वयंपाक, रात्रीचे कपडे, शौचाची जागा हे सगळं सूर्य मावळायच्या आत मार्गी लागलं असेल तर पुढची रात्र आपोआप निवांत जाते. म्हणून वेळापत्रक उलटं आखा. आधी सूर्यास्ताची वेळ बघा, त्यातून तीन तास वजा करा. मुक्कामाच्या जागी पोचायची वेळ ती. बारा जणांच्या नवख्या गटाला फक्त तंबूंसाठीच दीड तास लागतो.

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जाणार असेल तर बेत पुढे ढकला. तारीख निवडायची मुभा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासची घ्या. तेव्हाचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आवराआवर उजेडात होते आणि उत्तररात्री ताऱ्यांनी गच्च भरलेलं आकाश मिळतं. निघण्यापूर्वी रस्ता, मुक्कामाचे अक्षांश-रेखांश आणि परतायची वेळ घरी किंवा संस्थेत एका जबाबदार माणसाकडे लिहून द्या. "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा" ही ओळ त्यात हवीच.

पाण्याचा हिशेब

दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं असेल तर माणशी पिण्याचे ४ लिटर आणि स्वयंपाक-भांडी-हात धुणं यांसाठी दीड लिटर धरा. बारा जणांचे झाले ६६ लिटर. त्यावर एका पूर्ण दिवसाचं पिण्याचं पाणी राखीव ठेवा, म्हणजे आणखी ४८ लिटर. गाडी बंद पडली किंवा रुतली तर हेच कामाला येतं. एकूण ११४, म्हणजे वीस लिटरचे सहा कॅन. त्यांचं वजन १२० किलो भरतं. एवढं ओझं वाळूतून लांब वाहून नेता येत नाही, म्हणून पहिल्या मुक्कामाला गाडीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरातलीच जागा बघा.

एकाच पिंपात सगळं पाणी भरू नका. ते कलंडलं की खेळ खलास. कॅन आदल्या रात्री भरून आडवे ठेवा. गळका असेल तर सकाळपर्यंत कळतो. मुक्कामावर झाकणाच्या आट्यांमध्ये वाळूचे कण अडकतात, झाकण वरून घट्ट वाटतं आणि कॅन थेंब थेंब रिकामा होत राहतो. प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी आट्या कोरड्या फडक्याने पुसा. पाणी ओतायचं काम दोघांकडेच द्या, म्हणजे किती उरलं हे कुणाला तरी नेमकं माहीत असतं.

तहान लागायची वाट न बघता उन्हात चालताना दर वीस मिनिटांनी कपभर पाणी प्या. मात्र तासाला सव्वा लिटरच्या वर जाऊ नका. घामातून मीठही जातं, आणि वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे मिश्रण तयार ठेवा. माप चुकवू नका. मीठ जास्त झालं तर ते अपाय करतं. पाणी कमी पडतंय असं दिसलं तर पिणं तोडू नका. सावलीत बसा, हालचाल थांबवा, अंग झाकून घ्या. वाचवायचा असतो तो घाम.

जागा

कोरड्या पात्रात तंबू लावायचा नाही. तिथली जमीन सपाट असते, झुडपांचा आडोसा असतो, त्यामुळे ती फार मोहात पाडते. पण पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येऊन थडकतो. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावरही नको, वारा झोपू देत नाही. वाऱ्याच्या आडोशाची तीव्र उताराची बाजू असते तिच्या अगदी पायथ्याशीही नको. वरून वाळू सतत घसरत राहते. दोन टेकड्यांमधली टणक सपाटी उत्तम, पण तिथला सर्वांत खोलगट भाग टाळा. थंड हवा जड असते, ती रात्री तिथेच साचते. दोन-तीन मीटर उंचीने सुद्धा फरक पडतो.

काही वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत, पापुद्र्यासारखा थर दिसतो. तो जिवंत असतो. सूक्ष्मजीवांनी वाळूचे कण धरून ठेवलेले असतात, आणि एका पावलाने मोडलेला थर भरून यायला दशकं लागतात. त्याला वळसा घाला.

वाळूत तंबू उभा करताना

नेहमीच्या खुंट्या सुट्या वाळूत टिकत नाहीत. संध्याकाळी घट्ट वाटतात आणि पहिल्याच झोताला उपसून येतात. त्याऐवजी कापडी पिशव्या न्या, प्रत्येक तंबूला सहा: चार कोपऱ्यांना आणि दोन वाऱ्याच्या बाजूच्या ताणदोऱ्यांना. प्लास्टिकच्या पिशव्या दोरीच्या ताणाने फाटतात.

पिशवीत तीन-चार किलो वाळू भरा, तोंड बांधा आणि दोरी पिशवीच्या बरोबर मध्यावर आवळा. तंबूपासून दीडेक मीटरवर, दोरीच्या ताणाला आडवा, ३० ते ४० सेंटीमीटर खोल चर खणा. पिशवी तळाशी ठेवा. आता बहुतेक जणांकडून राहून जाणारी पायरी: चराच्या तंबूकडच्या काठात दोरीसाठी तिरकी अरुंद खाच पाडा. ती नसेल तर दोरी चराच्या काठावरून सरळ वर जाते, पिशवीला वर उचलते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. खाचेमुळे ओढ तिरकी बसते आणि समोरच्या वाळूची अख्खी भिंत पिशवीला अडवून धरते. चर एकदम बुजवू नका. थोडी वाळू टाका, पायाने दाबा, पुन्हा टाका. शेवटी दोरीला अंगाचा भार देऊन ओढून बघा. पिशवी हलली तर आणखी खोल जा.

तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार विरुद्ध बाजूला. चेनमध्ये वाळू गेली तर जोर लावू नका, जुन्या कोरड्या टूथब्रशने झाडा.

थंडी

कोरड्या हवेत बाष्प कमी, वर ढग नाहीत, त्यामुळे वाळूने दिवसभर घेतलेली उष्णता अंधार पडताच आकाशात निघून जाते. दुपार आणि पहाट यांत २० अंशांचा फरक सहज पडतो. घामाने ओले मोजे आणि बनियन सूर्यास्तापूर्वीच बदला. ओलसर कपड्यात एकदा गारठलेलं अंग लवकर ऊब धरत नाही. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं आरामदायक झोपेचं तापमान बघा, दुसरं म्हणजे कशीबशी रात्र निघण्याची मर्यादा. थंडी खालून जास्त लागते, म्हणून पैसे मोजकेच असतील तर महागड्या बॅगेपेक्षा दोन मॅट घ्या. कानटोपी हवी. फोन आणि बॅटऱ्या बॅगेत जवळ घेऊन झोपा, गारठ्यात त्या झपाट्याने उतरतात.

शेगडी आणि निखारे

लाकडं तोडू नका. वाळवंटातलं झाड फार सावकाश वाढतं, आणि वाळलेल्या ओंडक्याखालीही कुणाचं तरी घर असतं. गॅसची शेगडी न्या आणि तिच्याखाली फळी ठेवा, नाहीतर पातेलं चढवल्यावर ती एका बाजूला रुतते. वाऱ्यासाठी आडोसा करा, पण गॅसची टाकी चारी बाजूंनी बंदिस्त करू नका, ती तापते. तंबूच्या आत शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी ओतून टाकावं लागेल असं काही शिजवू नका. भांडी आधी कोरड्या वाळूने घासून मग ओल्या फडक्याने पुसली की पाणी जवळजवळ लागतच नाही.

परवानगी असून पत्र्याच्या घमेल्यात शेकोटी केलीच, तर निखारे वाळूखाली पुरू नका. वाळू ती उष्णता तासन्‌तास धरून ठेवते, वरून काहीच दिसत नाही, आणि कुणाचा तरी अनवाणी पाय नेमका तिथे पडतो. राख होईपर्यंत जळू द्या, थोडं पाणी शिंपडा, ढवळा, हात वर धरून ऊब उरली नाही ना ते बघा.

अंधार पडल्यावर

रात्री माणूस हरवतो तो बहुतेक वेळा शौचाला गेल्यावर. टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि वारा पावलं पुसून टाकतो. म्हणून जागा उजेडातच ठरवा, तंबूंपासून साधारण ६० मीटर. मुक्कामाच्या मधोमध उंच काठीला रात्रभर दिवा टांगा. जोडीनेच जायचं, प्रत्येकाकडे हेडटॉर्च आणि गळ्यात शिट्टी. वाट चुकली असं वाटताक्षणी जागीच बसायचं आणि तीन-तीन शिट्ट्या देत राहायचं. खड्डा १० ते १५ सेंटीमीटरचा पुरे. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरू नका, कोरड्यात ते कुजत नाहीत. बंद पिशवीतून परत आणा.

विंचू अतिनील टॉर्चखाली हिरवट-निळे चमकतात. झोपण्याआधी तंबूभोवती एक फेरी मारा, चेन पूर्ण लावा, बूट आत घ्या. सकाळी बूट उलटा करून टाच दोनदा आपटा, मगच पाय घाला. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, वेळ लिहा आणि दवाखाना गाठा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. राखीव पाणी यासाठीही आहे. दमा, ॲलर्जी, मधुमेह कुणाला आहे आणि त्याचं औषध कोणत्या कप्प्यात आहे, हे निदान तिघांना माहीत हवं.

वाळूचं वादळ आलं तर नाका-तोंडावर ओलं कापड, डोळ्यांवर गॉगल, वाऱ्याकडे पाठ. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी चष्माच आणावा.

सकाळी

उजाडताच तंबू उतरवायला घ्या. पिशव्या उकरून तिथेच रिकाम्या करा, चर बुजवा, दोऱ्यांचे तुकडे वेचा. एका ओळीत उभे राहून मुक्कामाची जागा एकदा पायाखालून घाला. चमचे, गाठींचे तुकडे, झाकणं हमखास सापडतात. वाळूसाठी टायरमधली हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी भरा. गाडीत बसल्यावर माणसं मोजा. आणि रेंज आली की पहिला फोन, ज्याच्याकडे वेळ लिहून दिली होती त्याला.