ऊन घरात घ्यायचं असेल तर आधी खडू घ्या

आमचं घर निफाडला. थंडी कडक पडली की पहाटे इथे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा घरातली ऊब हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही. पंधरा वर्षांपूर्वी घर बांधायला काढलं आणि मी दक्षिणेला मोठी खिडकी मागितली. सासरे म्हणाले, "दक्षिण यमाची दिशा, तिकडे खिडकी नको." आज दुपारी त्याच खिडकीपाशी सासूबाई पाट टाकून गुडघे शेकत बसतात.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो. निफाडला २१ डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून साधारण साडेशेचाळीस अंशांवर असतो. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास मात्र अगदी डोक्यावर, सावली पायाखाली. म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते आणि उन्हाळ्यात देत नाही. हिशेब छज्जाचा आहे. आमची खिडकी चार फूट उंच आणि तिच्या लगेच वर दीड फुटाचा छज्जा. डिसेंबरच्या दुपारी वरचा दीडेक फूट सावलीत जातो, खालच्या अडीच फुटांतून ऊन थेट पाच फूट आत येतं. मार्चच्या एकविसाव्या तारखेपर्यंत ही अख्खी खिडकी सावलीत जाते. गवंडी सवयीने दोन-अडीच फुटांचा छज्जा काढायला निघतो. त्याला थांबवा, नाहीतर डिसेंबरचं निम्म्याहून जास्त ऊन बाहेरच राहील.

घर बांधून झालेलं असेल तरी खडू उपयोगी पडतो. दिवाळीनंतर दर आठवड्याला, दुपारी साडेबाराला (आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण तेवढे वाजतात), ऊन जिथवर पोचतं तिथे जमिनीवर रेघ मारा. २१ डिसेंबरपर्यंत रेघा आत सरकतात, मग परत फिरतात. त्या पट्ट्यात सतरंजी, दिवाण काही ठेवू नका. उघडी शहाबादी फरशी ऊन पिऊन घेते. संध्याकाळी सातला तिच्यावर अनवाणी उभं राहिलं तर तळव्यांना कळतं. पण ती ऊब घरात राहायला हवी. साडेचार वाजले की तावदानं बंद करायची आणि ऊन उतरलं की पडदा ओढायचा. आमचा पडदा म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, पातळ पडद्याने काही होत नाही.

आता गच्ची. पाण्यासाठी सोलर बसवताना तोंड बरोबर दक्षिणेला, आणि थंडीत पाणी तापायला हवं म्हणून उतार ३० ते ३५ अंश. टाकी ऊन झेलणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या वर असते, कारण तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार खूप, त्यामुळे वर्षातून एकदा नळ्या उतरवून आतला पांढरा चुरा काढावाच लागतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. एका मे महिन्यात टाकी रिकामी झाली होती आणि मी भर दुपारी कॉक उघडला. कोरड्या नळ्या भट्टीसारख्या तापलेल्या, त्यात गार पाणी शिरलं. चार नळ्या तडातडा फुटल्या. काच गच्चीभर उडाली आणि मी जिन्यात होते म्हणून वाचले. रिकामी टाकी भरायची तर सूर्योदयाआधी भरा किंवा रात्री. घाई असेल तर नळ्यांवर आदल्या संध्याकाळीच ताडपत्री टाकून ठेवा.

विजेचे पॅनेल आम्ही शेवटी घेतले, आणि तोच क्रम मी सगळ्यांना सांगते. दोन किलोवॅटचा गीझर तासाला दोन युनिट खातो. पाणी थेट उन्हाने तापवलं की तेवढे पॅनेल कमी लागतात. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे खर्च आवाक्यात येतो. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळी जागा धरा, आणि मोकळी म्हणजे डिसेंबरातही मोकळी. पाण्याच्या पाच फुटी टाकीची सावली तेव्हा दुपारी पाच फूट पडते आणि सकाळी नऊला बारा फुटांपर्यंत जाते. एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या रांगेची वीज घटते. म्हणून पॅनेलवाला जागा मोजायला येण्याआधी २१ डिसेंबरला सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता गच्चीवर सावलीच्या कडा आखून ठेवा. तिथे खडू चालत नाही, दवाने पुसट होतो. आम्ही ऑइलपेंटने काढल्या, त्या रेघा अजून आहेत.