शेगडी दाराबाहेर ओट्यावरच ठेवा, ऊब अंथरुणात न्या

थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे दव गोठतं, आणि घरोघरी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यांची शेगडी दार लावून खोलीत घेतली जाते. धोका तिथेच आहे. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जागही येत नाही. राखेखाली दबलेला विस्तवही तितकाच वाईट.

त्याऐवजी असं करा:

१. शेगडी दाराबाहेरच्या ओट्यावर किंवा अंगणात पेटवा. तिथेच शेका, तिथेच पाणी तापवा.
२. पाणी उकळी येण्याआधी उतरवा. शेकायची रबरी पिशवी दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, मग झाकण आवळा. काठोकाठ भरली तर झाकणातून गळते.
३. पिशवी टॉवेलात गुंडाळून झोपण्याआधी २० मिनिटं गोधडीत पायाकडे ठेवा.
४. झोपताना ती बाहेर काढा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्याबाबत हे विसरू नकाच. त्यांना चटका उशिरा कळतो.

गारठा खालूनही चढतो, म्हणून अंगावर दुसरी गोधडी घेण्याआधी एक खाली अंथरा. कानटोपी, मोजे घाला.

शेगडीजवळ बसलेल्याचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, गुंगी आली तर ‘थंडी बाधली’ समजून पांघरूण घालू नका. आधी उघड्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा.