गुडघेदुखीची चाचणी सुरू करण्याआधी

फिजिओथेरपीच्या प्रबंधासाठी मी गुडघ्याच्या झिजेवर चाचणी केली. एका गटाला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला, बारा आठवडे. शेवटी दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच निघालं. मग शेवटच्या भेटीला सल्ल्याच्या गटातल्या एका मावशींनी पिशवीतून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली. "आज तपासणी म्हणून सकाळीच एक घेऊन आले," म्हणाल्या. बाकीच्यांनी किती घेतल्या, हे माझ्या एकाही कागदावर नव्हतं. व्यायामाचा उपयोग झाला नाही, की समोरच्या गटाने दुखणं गोळ्यांनी दाबलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दीड वर्षाचं काम.

म्हणून आधी गोळ्या. प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी एक वही द्या: तारीख, कोणती गोळी, किती. नाव वाचता येत नसेल तर रिकामी पट्टी जपून आणायला सांगा. "औषधं चालू आहेत का?" असं विचारू नका, लोक बीपी-शुगरचं सांगतात. "दुखायला लागलं की काय घेता?" असं विचारा. मेडिकलवाल्याने सुट्या दिलेल्या गोळ्या, गावच्या डॉक्टरांनी टोचलेलं इंजेक्शन, मलम, सगळं लिहा. गोळ्या पूर्ण बंद करायला लावू नका, माणूस दुखणं सोसत घरी बसेल किंवा लपवून घेईल. गरजेपुरतं पॅरासिटामॉल तुम्हीच मोजून द्या आणि पुढच्या भेटीला उरलेल्या मोजा. दुखणं मोजायच्या आधी 24 तास तेही नको. एटोरिकॉक्सिब ही दुखण्याची गोळी घेणाऱ्यांना एवढं पुरत नाही. तिचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 22 तास आहे, अंगातून जायला चार-पाच दिवस लागतात.

एथिक्स कमिटी, मराठीतलं संमतीपत्र: हे कळतंच. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिथली नोंदणी मात्र पहिला पेशंट घेण्याआधी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

गुडघा कोणता मोजणार, ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा. बहुतेकांचे दोन्ही दुखतात, आणि दर भेटीला जो जास्त दुखतो त्याचाच आकडा सांगतात. एक्स-रे उभं राहूनच काढा, झीज किती आहे ते सांगणारी केलग्रेन-लॉरेन्सची श्रेणी नोंदवा. वोमॅक ही गुडघ्याच्या त्रासाची प्रश्नावली वापरत असाल तर परवानगी लागते. त्यात 24 प्रश्न आहेत, 5 दुखण्याचे, 2 आखडण्याचे, 17 हालचालींचे. बाथटबमधून उठण्याचा प्रश्न आपल्या पेशंटला विचारून काय मिळणार? मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं याबद्दल विचारणारी, भारतीय सवयींना जुळवलेली आवृत्ती घ्या. आणि प्रत्येक प्रश्नावलीच्या माथ्यावर एक चौकट हवीच: शेवटची गोळी कधी घेतली?

किती पेशंट लागतील, ती संख्या आधी काढा. दुखण्याच्या 100 पैकी 10 गुणांचा फरक पकडायचा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत) 20, ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) 80 टक्के, तर प्रत्येक गटात 63. 20 टक्के गळती धरून 79. मार्गदर्शक "तीस-तीस पुरे" म्हणतील. ऐकू नका.

गटवाटणी बंद, अपारदर्शक पाकिटांतून, आणि पाकिटं दुसऱ्या कुणीतरी भरलेली. व्यायाम लपवता येत नाही, पण मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. गुडघ्याचं दुखणं नुसत्या उपचाराच्या अपेक्षेनेही उतरतं, हे हलक्यात घेऊ नका. ह्यूस्टनमध्ये 180 जणांवर झालेल्या 2002 च्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया नुसत्या त्वचेवरच्या छेदांपेक्षा सरस ठरली नाही. ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये 288 जणांच्या चाचणीत पीआरपीचं (पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाचं) इंजेक्शन सलाईनच्या पुढे गेलं नाही. त्यात लोक दुखणं चढलेलं असतानाच आपल्याकडे येतात, ते आपोआप थोडं उतरतंच. तुलनेचा गट नसेल तर चाचणी करूच नका.

कॅलेंडर बघा. बारावा आठवडा आषाढात आला तर पेशंट वारीला गेलेले असतील, आणि वाटेत गोळ्या घेतील. वही सोबत द्या.

दर आठवड्याला फोन करा, पहिला प्रश्न गोळ्यांचा.

विश्लेषण: ज्याला ज्या गटात टाकलं तिथेच धरा, मध्येच सोडलेल्यांसकट. मुख्य निष्कर्षाचं माप एकच, आधी ठरवलेलं. मोजणीच्या दिवशी गोळी घेऊन आलेल्याचा आकडा कसा धरणार, तेही आराखड्यातच लिहा, निकाल बघून नव्हे.

लिहिताना कॉन्सॉर्टची, म्हणजे चाचणीचा अहवाल कसा लिहावा याच्या नियमावलीची, 2025 ची 30 कलमं समोर ठेवा. किती जण सुटले, का सुटले, काय त्रास झाला, ते लिहा. नुसती पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणारा आकडा) नको, फरक किती आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, ते द्या. गोळ्यांचं कोष्टक मुख्य लेखातच, दोन्ही गटांचं शेजारी-शेजारी. परिशिष्टात ढकलू नका.