मुंबई-दुबई फ्लाइटला नक्की किती वेळ लागतो? हिशोब करताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ तिकिटावरच्या वेळांचा. मुंबईहून सकाळी १०:०० ला सुटणार, दुबईला ११:४५ ला पोचणार असं दिसलं की लोक म्हणतात, अरे वा, पावणेदोन तासांत दुबई! तसं काही नसतं हो, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येताना बरोबर उलटं, रात्री १०:०० ला निघून २:३५ ला मुंबईत, म्हणजे साडेचार तास वाटतात पण लागतात तीन तास आणि वर पाचेक मिनिटं. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा, बस. दोन्हीकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं बदलत नाहीत त्यामुळे हा फरक वर्षभर तेवढाच राहतो, लंडनवाल्यांसारखी कधी साडेपाच तर कधी साडेचार तासांची भानगड नाही.

दुसरं म्हणजे अंतर भागिले वेग. सरळ रेषेत अंतर साधारण १,९३० किमी, विमान ताशी ८५० ने जातं, म्हणजे सव्वादोन तास झाले की? पण वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढणं-उतरणं आलं आणि मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, एकावेळी एकच वापरता येतो, त्यामुळे रांग लागते नाहीतर वर घिरट्या. शिवाय थंडीत वरच्या हवेत पश्चिमेकडून जोरदार वारे असतात, ते जाताना समोरून येतात आणि येताना मागून ढकलतात, म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर आटपतो. आणि कुठे १,०४० लिहिलेलं दिसलं तर ते नॉटिकल मैल आहेत, १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, अंतर तेच.

आता खरी महागात पडणारी चूक, तारखेची!! १५ तारखेची रात्री १२:४० ची फ्लाइट म्हणजे १४ ला रात्री लवकर जेवून घराबाहेर पडायचं. १५ ला संध्याकाळी आरामात बॅगा भरत बसलात तर विमान केव्हाच जाऊन आलेलं असेल, आणि नो-शो झालं की बऱ्याच तिकिटांचे फार काही पैसे परत मिळत नाहीत. तिकिटावर ००:४० दिसलं की आदल्या दिवसाचा वार पेनाने वर लिहून ठेवा, हसू नका, उपयोग होतो. येतानाच्या वेळेपुढचा छोटासा +१ पण बघा, तो दिसला म्हणजे तुम्ही दुसऱ्या दिवशी उतरताय आणि न्यायला येणाऱ्याला तीच तारीख सांगायची.

एअरपोर्टचा कोड पण वाचा जरा. डीएक्सबी म्हणजे दुबईचं नेहमीचं, डीडब्ल्यूसी शहराबाहेर जेबेल अलीकडे, आणि एसएचजे म्हणजे शारजा, तिथून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दुबईत शिरायचं म्हणजे स्वस्त तिकिटाचा आनंद टॅक्सीतच संपतो. इकडे पण आता बीओएम आणि एनएमआय, म्हणजे नवी मुंबई, असे दोन आहेत, कॅब बुक करताना नुसतं मुंबई एअरपोर्ट टाकू नका.

वन-स्टॉप स्वस्त दिसलं तर एकूण वेळ आधी बघा, तीन तासांच्या रस्त्याला मस्कतला पाच तास बसून काढायचे असतील तर वाचलेले पैसे तिथल्या कॉफीतच जातात. आणि घेऊन जायला येणाऱ्यांना लँडिंगची वेळ कळवताना इमिग्रेशन आणि बॅगांचा किमान तासभर त्यात धरा, नाहीतर ते पार्किंगचं बिल भरत उभे आणि तुम्ही अजून पट्ट्यापाशी.